नितीनशिवाय नॉर्वे

१४ मे, मंगळवार, संध्याकाळ

नितीनला डॉक्टरांनी आज समुद्रात उतरायला नाहीच म्हणून सांगितलं. आमच्या नॉर्वेच्या डायव्हिंग सहलीसाठी तब्येतीचा दाखला हवा म्हणून दोघं गेलो, तर त्याच्या फुप्फुसात हवेचा फुगा निघाला. एरवी काही त्रास नाही, पण खोल पाण्यातून वर येताना तो फुटू शकतो. "स्कूबा डायव्हिंग कायमचं विसरा," म्हणाले.

थंड समुद्रात उतरायचं वेड माझ्या या धाकट्या भावाचंच. मालवणला मी त्याच्या मागं मागं डायव्हिंग शिकले. थंडीची सवय व्हावी म्हणून महिनाभर तो गच्चीवर बर्फ टाकलेल्या पिंपात बसत होता. दात वाजायचे, तरी हाक मारायचा, "ताई, ये की! लई भारी वाटतंय!" मी एकदाही बसले नाही. का नाही बसले?

येताना रिक्षात तो एवढंच बोलला, "तू जा ताई. माझ्यासाठी थांबू नको." तुझ्याशिवाय नाही जात, असं मी सहज म्हणेन असं मला वाटलं होतं. तोंडातून निघालंच नाही. मला जायचंय. हे इथं तरी खरं लिहिते.

घरी आल्या आल्या त्यानं पिंप उपडं केलं.

मग मी सहलवाल्यांना फोन लावून डॉक्टरांचं सांगितलं. तिकडच्या बाईंनी विचारलं, "दोघांचंही रद्द करू ना?"

"नाही," मी म्हणाले, "एकाचंच."

मागं वळले तर नितीन दारात उभा. "बरं केलंस," म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं हळूच दार लावून घेतलं.