थरमनची जागा

सोमवार, १२ सप्टेंबर

गेले एकदाची नाचाच्या वर्गाला! मैत्रीण ओपलने दारात गाडी उभी केली आणि भोंगा वाजवतच बसली. समोरचे लोक पडदे सारून बघायला लागले. मग काय करते? माझा नवरा लाइल गेल्यापासून दोन वर्षांत मी दिवे लागल्यावर घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये चौकोनी नाच शिकवतात. आम्हा नवशिक्यांचा एक चौकोन. चार बाजूंना चार जोड्या. एमेट माइकवरून गात गात हुकूम सोडतो, त्याबरहुकूम आपण वळायचं. "डावा हात, मंडळी! डावा! अहो बाई, दुसरा डावा!" ती बाई म्हणजे मी. कान असे तापले!

जोडीदार म्हणून पदरात कोण पडावं, तर थरमन. पंचाहत्तरीचा म्हातारा, सगळा जन्म धान्याच्या कोठारावर गेलेला, अंगाला सांधेदुखीच्या मलमाचा वास. मी डावीकडे जायचं ते उजवीकडे गेले, तर हाही नेमका तिकडेच आला. धाडकन आपटलो एकमेकांवर. अख्खा चौकोन हसला. कुणीतरी ओरडलं, "थरमन, कुठे निघालात? घरी?" तो म्हणाला, "चुकलो बुवा, चुकलो!" आणि डोक्यावर नसलेली टोपी उचलल्यासारखं केलं. मग मला हळूच, "लागलं नाही ना, बाईसाहेब?"

पुन्हा जाणार नाही.

सोमवार, १९ सप्टेंबर

गेले.

सोमवार, ३ ऑक्टोबर

आज तीनदा गोंधळ. तिन्ही वेळा थरमन! म्हणजे मीही चुकले होते, पण एका माणसाने तरी नीट नको का जायला? दोघंही वाट चुकली तर धरायचं कुणाला?

येताना गाडीत ओपलला म्हटलं, "मला दुसरा कुणी दे ना."

"अगं, तो तीस वर्षं नाचतोय!"

तीस वर्षं, आणि अजून डावं-उजवं कळत नाही! ओपल म्हणाली, "वय झालं असेल." आणि उगाच रस्त्याकडे बघत राहिली.

सोमवार, १७ ऑक्टोबर

आमच्या चौकोनातली हेलन आली नाही. गाय अडली होती म्हणे. आम्ही सातच. मला वाटलं, सुटले! पण नाही. जो आला नाही त्याची जागा मोकळी ठेवायची आणि तो आहे असं धरून नाचायचं. याला म्हणे भुताबरोबर नाचणं म्हणतात. हेलनचा नवरा गंभीर चेहऱ्याने हवेला हात देत होता, हवेला गिरकी देत होता. मला हसू आवरेना.

थरमन हसला नाही. म्हणाला, "जागा सोडून जायचं नसतं, बाईसाहेब. एक गेला की सात नुसते उभे राहतात."

मध्यंतरात ओपलने त्याला जुन्या लोकांच्या चौकोनात ओढून नेलं. मी कॉफी घेऊन बघत बसले. एकदाही चुकला नाही! म्हाताऱ्याचा दिवस बरा होता म्हणायचं. नंतर माझ्याबरोबर आला तो पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बुधवार, ९ नोव्हेंबर

वॉरनचा फोन! आमच्या क्लबातला सगळ्यात देखणा नाचणारा. कडक इस्त्रीचा शर्ट, चांदीचं बक्कल. त्याची जोडीदारीण आजारी आहे. सोमवारी पलीकडच्या गावात सुगीचा मोठा नाच आहे, याल का?

सोमवार म्हणजे आपला वर्ग. मी नसले तर आठातला एक कमी. पण एक सोमवार! एखाद्या सोमवारी मी त्या मलमाच्या वासापासून सुटले तर कुणाचं काय बिघडणार आहे?

थरमनला फोन केला. सर्दी झालीय, सोमवारी जमायचं नाही म्हणून सांगितलं. नाक दाबून बोलले! या वयात!

"घरीच थांबा," म्हणाला. "गरम राहा. जागा मी सांभाळतो."

सोमवार, १४ नोव्हेंबर

लिहूच नये असं वाटतंय.

नवा निळा घेरदार झगा घालून गेले. केवढा हॉल, किती चौकोन! दुसऱ्याच हुकुमाला मी उलटी वळले. सगळे बरोबर गेले आणि मधोमध मी एकटी, रस्ता चुकलेल्या कोंबडीसारखी. कुणी हसलंही नाही. नुसते थांबले. वॉरन दातओठ खात म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला येतं." पुढे प्रत्येक वेळी तो मला मनगट धरून ओढत होता. त्या अख्ख्या हॉलमध्ये चुकणारी मी एकटीच.

घरी आले तर पायरीवर काचेची बरणी. पुसायच्या फडक्यात गुंडाळून वर गाठ मारलेली. कोंबडीचं सूप, घरी लाटलेल्या शेवया घातलेलं. गार होऊन वर चरबीचा थर धरला होता.

मलमाचा वास त्या फडक्याला होता.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

ओपल सकाळीच आली. काही विचारलं नाही, नुसतं सांगितलं. काल थरमन माझ्या रिकाम्या जागेबरोबर नाचला. दरवेळी वाकून हात दिला, शेवटी आभारही मानले. मध्यंतरात गाडी काढून सूप द्यायला आला. घरात अंधार. घंटा वाजवून वाजवून परत गेला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बाईसाहेब गाढ झोपल्यात."

सोमवार, २१ नोव्हेंबर

हॉलच्या दारातच भेटला. सगळ्यांसमोर विचारलं, "सर्दी काय म्हणते?"

"बरी आहे," मी म्हणाले. तेही अशा सुरात, जणू खरंच झाली होती!

"सूप गारच खावं लागलं असेल. मला उशीर झाला यायला."

त्याला उशीर झाला! खरं सांगायचं होतं तेव्हाच. एमेटने गाणं लावलं, थरमनने हात पुढे केला, आणि मी तो धरला. पहिल्याच फेरीला चुकले. तोही चुकला. सगळे त्याला हसले. मी पण हसले. का हसले मी?

शनिवार, ३ डिसेंबर

बरणी धुऊन त्यात प्लमचा मुरंबा भरला. सोमवारी देईन आणि खरं काय ते सांगेन. तोंडाने. पाठ केलंय काय बोलायचं ते.

सोमवार, ५ डिसेंबर

बर्फ. हॉल बंद. त्याच्या घरी जाता आलं असतं, चार गल्ल्या तर आहेत. पण म्हटलं, आता पुढच्या सोमवारी.

सोमवार, १२ डिसेंबर

बरणी घेऊन गेले होते. त्याने मुलीच्या घरून नातवंडांचे फोटो आणले होते, सगळ्यांना दाखवत होता. इतका खुशीत! म्हटलं, आज नको. बरणी पिशवीतच राहिली.

आता हॉल नाताळ उरकल्यावर उघडणार.

शुक्रवार, ६ जानेवारी

थरमन गेला.

पाखरांना दाणे टाकायला अंगणात गेला आणि घसरला. खुब्याचं हाड मोडलं, मग न्यूमोनिया. मला कळलं ते तो गेल्यावरच.

बरणी पिशवीतून काढून खिडकीत ठेवलीय. तिच्यावर फडकं टाकलंय. बघवत नाही.

मंगळवार, १० जानेवारी

चर्चमध्ये क्लबची सगळी माणसं नाचाच्या कपड्यांत आली होती. त्याला तसंच हवं होतं म्हणे. नंतर हॉलमध्ये कॉफी, हॅमचे सँडविच. मग एमेट माइकशी गेला. "एकच फेरी. थरमनची जागा मोकळी ठेवा."

त्याची जोडीदारीण मीच.

हवेला हात दिला. वाकले. गिरकी घेतली. मला वाटलं होतं, आता तरी मनातल्या मनात सांगेन. गर्दीत तेही जमलं नाही. त्याच्या मुलीने येऊन मला जवळ घेतलं. म्हणाली, "बाबांना तुमच्याबरोबर नाचायला फार आवडायचं." अशा वेळी माणसाने काय करायचं? मी तिच्यासाठी कॉफी आणायला गेले.

आता जाणं बंद. त्या हॉलमध्ये माझं काही काम नाही.

सोमवार, २३ जानेवारी

ओपलचा भोंगा. पडद्याआड उभी राहिले. गेली शेवटी.

सोमवार, ६ फेब्रुवारी

एमेटचा फोन आला, सातच जण आहेत, या. एक गेला की सात नुसते उभे राहतात. म्हणून गेले. पुरुष कमी, तेव्हा ओळखू यावं म्हणून माझ्या कमरेला पट्टा बांधला आणि पुरुषाच्या जागी उभं केलं. थरमनच्याच जागी. जोडीदारीण मार्जी, अगदी नवी. डावं म्हटलं की उजवीकडे. सगळे तिच्याकडे बघायला लागले, तिचा चेहरा लालबुंद, आता रडते की काय! पुढच्या फेरीला ती पुन्हा उलटी निघाली तेव्हा मी मुद्दामच तिच्यामागे उलटी गेले. धाडकन आपटलो. सगळे मला हसले. "चुकले बाई, चुकले!" म्हटलं मी. मार्जीही हसली.

थरमन! तू एकदाही चुकला नव्हतास.