तीन गाड्या आणि बंगईची सुतळी

आदरणीय भैयाजी यांना मूलहून श्रीहरीचा नमस्कार. आईंना साष्टांग दंडवत, आशावहिनींना नमस्कार आणि घरातल्या लहानांना आशीर्वाद.

मी इकडे बरा आहे. जेवण वेळेवर होतं. भाजीत मीठ कधी कमी पडतं, कधी जास्त, पण तक्रार करणारं कोणी नसल्याने चालून जातं. आईंचे गुडघे थंडीत कसे आहेत? तुमचा धान कापून झाला असेल. शकू गेल्यानंतरची ही पहिली भाऊबीज, तुम्हाला ओवाळायला यंदा बहीण आली नाही, हे त्या दिवशी सकाळपासून माझ्या मनात होतं. फोन करणार होतो. पण फोनवर मला बोलता येत नाही, आणि तुम्हालाही येत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे.

पत्राचं कारण असं की मी चारचाकी घ्यायचं ठरवलं आहे. तीन गाड्या चालवून पाहिल्या. त्यातली कोणती घ्यावी यावर घरातला मोठा माणूस म्हणून तुमचं मत हवं आहे. तुमच्या गावची दिवाळीनंतरची मंडईची जत्रा जवळ आल्याचं बसस्टँडवरच्या नाटकाच्या बॅनरवरून कळलं, पण त्याचा आणि या पत्राचा काही संबंध नाही. यंदा मंडईचं बोलावणं आलं नाही, हेही सहज लिहितो आहे. (बोलावणं दरवर्षी शकूच्या फोनवर यायचं. तो फोन मी चार्ज करून ठेवतो, त्यामुळे बंद लागला असेल असं नाही.) मागच्या मंडईला आईंना सोडून आपण सगळे रात्रभर नाटकाला बसलो होतो. शकू पहिल्याच अंकात सतरंजीवर झोपली, आणि सकाळी चहा पिताना नाटकात कोण कुठे चुकलं ते तिनेच आपल्याला सांगितलं. असो. गाड्यांचं लिहितो.

गाडी घ्यायचं मूळ कारण वाघ. पावसाळा संपता संपता मी स्कूटरने सिंदेवाहीकडून येत होतो. रस्त्याच्या मधोमध वाघ बसला होता. मी थांबलो. पलीकडून एसटी आली, तीही थांबली. वाघाला कसलीच घाई नव्हती. तो उठून गेल्यावर मी घरी आलो आणि जेवलो. हे सगळं मी दीपिकाला फोनवर सांगायला नको होतं. (तिने "बाबा, आज काही नवीन?" असं विचारलं, आणि नवीन तेवढंच होतं.) तेव्हापासून नागपूरहून तिचा रोज फोन, की स्कूटर विका आणि चार बाजूंनी बंद होणारी गाडी घ्या. तीही उंच हवी, छोटी एसयूव्ही. मी म्हटलं, एकट्या माणसाला एवढी गाडी कशाला? त्यावर ती म्हणाली, एकट्या माणसालाच वाघ लवकर खातो. पोरगी बोलण्यात आईवर गेली आहे.

गाडी चालवायला मी उन्हाळ्यातच शिकलो होतो. दुपारी घरात बसवत नव्हतं म्हणून क्लास लावला. शिकवणारा म्हणायचा की तुम्ही चालवता बरोबर, पण मधूनमधून मागे का पाहता? तुम्हाला माहीत आहे, शकू स्कूटरवर माझ्या मागे बसायची. वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही म्हणून तिने पद्धत पाडली होती. उजव्या खांद्यावर थाप मारली की हळू, डाव्या खांद्यावर मारली की थांब, आणि दोन्ही खांद्यांवर एकदम मारली की भाजीवाला मागे राहिला. नोकरीभर मी लोकांची शेतं मोजत या पद्धतीने हिंडलो. समोरून कोणी रस्ता सांगितला तर मला समजत नाही.

जमीन मोजणीच्या खात्यात असल्यामुळे मी तिन्ही गाड्या एकाच मापाने पाहायच्या ठरवल्या. आमच्या शेजारी मोबाइलच्या दुकानाचा दिनेश राहतो. तो गाड्यांचे व्हिडिओ रोज पाहतो. (त्याच्याकडे सायकल आहे.) त्याने मला कागदावर जमिनीपासूनची उंची, मायलेज, एअरबॅग असं बरंच लिहून दिलं. मी कागद खिशात ठेवला आणि घरातल्या बंगईची, म्हणजे झोपाळ्याच्या पाटाची, उंची सुतळीने मोजून तिथे गाठ मारली. आमच्या सोफ्यावर आई बसल्या की उठवायला दोन माणसं लागतात, पण बंगईवर त्या आपल्या आपण बसतात आणि आपल्या आपण उतरतात. म्हणून ज्या गाडीची सीट बंगईएवढी, ती गाडी चांगली, असा माझा हिशेब.

पहिली गाडी पांढरी. चंद्रपूरच्या शोरूमवाल्यांनी गाडी थेट माझ्या दारात आणून दिली. सोबत टाय लावलेला माणूस. मी दार उघडून सुतळी लावली, तर सीट गाठीच्या बरीच वर. आईंना चढायला पाट लागला असता आणि उतरायला तुम्ही लागला असता. तरी आली आहे तर चालवून पाहू म्हटलं. सामान ठेवून गाडी कशी ओढते ते पाहावं म्हणून घरातला तांदळाचा कट्टा (अर्धं पोतं) आणला आणि समोरच्या डाव्या सीटवर ठेवला. गाडी सुरू करताच ती टुंगटुंग वाजायला लागली. दिनेश मागून म्हणाला, "काका, बेल्ट लावा." मी म्हटलं, लावला आहे. तो म्हणाला, "तुमचा नाई जी, तांदळाचा." गाडीला वाटलं, माणूस बसला आहे. मग मी कट्ट्याला बेल्ट लावला, आणि आम्ही चौघे (कट्टा धरून) राजोलीपर्यंत जाऊन आलो. कट्टा वळणावर जरासुद्धा हलला नाही. पट्टे चांगले आहेत, असं मी दिनेशच्या कागदावर लिहून ठेवलं.

परत आलो तर दारात मंगलीबाई उभ्या. या समोरच्या घरच्या, शकूच्या जुन्या मैत्रीण. त्यांच्या हातात हळदीकुंकवाचं ताट, नारळ, आणि चाकांखाली ठेवायला लिंबं. मी सांगणार होतो की ही गाडी माझी नाही, पाहायला आणली आहे. पण त्यांनी बॉनेटवर बोटाने स्वस्तिक काढता काढताच पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "शकू पायजे होती जी आज." आता यापुढे मी काय सांगणार? त्यांनी नारळ फोडला. टायवाला माणूस दिनेशला हळूच विचारत होता की बुकिंग कधी झालं. गल्लीतली मंडळी जमली म्हणून मी दिनेशला पेढे आणायला पाठवलं. टायवाल्याने दोन पेढे खाल्ले आणि तो लिंबांवरून गाडी काढून, स्वस्तिकासकट, चंद्रपूरला घेऊन गेला.

संध्याकाळी मंगलीबाईंनी विचारलं, गाडी कुठी गेली? मी म्हटलं, सर्व्हिसिंगला. (खोटं बोललो. पण खरं सांगितलं असतं तर त्यांच्या नारळाचं काय?)

दुसरी गाडी लाल. या खेपेला मी शहाणपणा केला आणि गाडी घरी न बोलावता चंद्रपूरला गेलो. हिची सीट गाठीच्या खाली, म्हणजे आमच्या सोफ्यासारखी. मी तिथूनच परत फिरत होतो, पण दिनेश ऐकेना. "काका, सनरूफ पाहा तं आधी. सनरूफ नाई तं एसयूव्ही कायची?" म्हणून मूलच्या रस्त्याला लागलो. जंगलात एका मोहाच्या झाडाखाली तिथल्या सेल्समनने गाडी थांबवायला लावली आणि छत उघडून दाखवलं. वर आभाळ दिसलं, मोहाच्या फांद्या दिसल्या, आणि फांदीवर बसलेलं वानर दिसलं. वानरालाही आम्ही दिसलो. माझ्या मांडीवर पेढ्यांचा डबा होता. (पहिल्या दिवशी ज्यांना पेढे मिळाले नाहीत ते रागावले होते, त्यांच्यासाठी घेतले होते.) वानराने आत हात घातला, डबा उचलला आणि झाकण आम्हाला परत दिलं. एवढं शिस्तीचं काम मी आमच्या कचेरीतही पाहिलं नव्हतं. सेल्समन छत बंद करायचं बटण दाबायचं सोडून फोनवर व्हिडिओ काढत होता. दिनेशने तेव्हापासून सनरूफचं नाव काढलेलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण तो सेल्समन फार चांगला माणूस होता. झाल्या प्रकाराची त्यालाच लाज वाटली, आणि त्याने आम्हाला मूलपर्यंत सोडून देतो म्हटलं. गाडी गल्लीत शिरते न शिरते तोच मंगलीबाईंनी पाहिली. पुन्हा ताट, पुन्हा नारळ. म्हणाल्या, "दुसरीबी घेतली? बरं केलं. एक तिच्या नावानं, एक तुमच्या." या वेळी मी आतून पाण्याचा तांब्या आणून दिला.

तिसरी गाडी राखाडी रंगाची. हिला छत साधं, आतला स्क्रीनचा पडदा लहान, आणि दिनेशच्या मते हिच्यात काहीच नाही. मी दार उघडून सुतळी लावली. गाठ बरोबर सीटच्या कडेवर आली. मी पुन्हा लावून पाहिली. त्या शोरूमचा सेल्समन पवन, ब्रह्मपुरीकडचा, विचारू लागला, "काका, सुतळीनं काय पाहून राह्यले? ब्रोशरमध्ये सगळं लिवलं हाय." मी म्हटलं, त्यात बंगईचं लिहिलेलं नाही.

पवनला समोर बसून सगळी बटणं समजावून सांगायची होती. मी त्याला म्हटलं, तुम्ही माझ्या मागे बसा. तो म्हणाला, "मागून सांगता नाई येत जी." मी म्हटलं, काही दिसलं तर खांद्यावर हात ठेवा, मला समजतं. त्याने दिनेशकडे पाहिलं. दिनेशने मान हलवली. (दिनेशने शकूला स्कूटरवर माझ्या मागे बसलेलं पाहिलं आहे.) आम्ही निघालो. एका वळणावर समोरून धानाच्या तणसाने भरलेला ट्रॅक्टर आला, अख्खा रस्ता व्यापून, जणू तणसाची गंजीच गावाला निघाली आहे. मला तो थोडा उशिरा दिसला असता. पण माझ्या उजव्या खांद्यावर हलकी थाप पडली. मी गाडी हळू केली, कडेला घेतली, ट्रॅक्टर गेला. नंतरही मी गाडी तशीच हळू चालवत राहिलो. पवनला वाटलं, मला राग आला. म्हणाला, "काका, ट्रॅक्टर होता म्हून हात लावला. मनावर नका घेऊ." मी म्हटलं, छान लावलात. पुढे नाला आला की परत लावा.

त्याने लावला. गाडी नाल्याच्या खोलगट रपट्यावरून, पुलाशिवायच्या त्या उतारावरून, पोट न घासता गेली. तुमच्या गावच्या वाटेवर तसलाच रपटा आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हीही गाडी मी घरावरूनच नेली. (या वेळी मंगलीबाईंना टाळायचं माझ्या मनात आलं नाही, हे खरं.) त्यांनी तिसरा नारळ फोडला आणि ताट खाली ठेवून विचारलं, "श्रीहरीभाऊ, टॅक्सीचा धंदा काढून राह्यले का?" गल्लीत तशी बातमी पसरली आहे, की मी ताडोबाला पर्यटक नेणार आहे. दोघांनी ड्रायव्हरच्या नोकरीसाठी विचारूनही ठेवलं आहे. शेवटी मी त्यांना बंगईवर बसवलं, चहा दिला आणि सगळं खरं सांगितलं. त्या एवढ्या हसल्या की बंगईच्या कड्या वाजल्या. आमच्या घरात तो आवाज बऱ्याच दिवसांनी झाला. माझा चहाही त्या पूर्ण प्यायल्या. त्यात साखर नव्हती, हे मला नंतर कळलं.

तर भैयाजी, पांढरी उंच आहे, लाल बसकी आहे आणि राखाडी बंगईएवढी आहे. मायलेज, एअरबॅग वगैरे दिनेशचा कागद सोबत जोडला आहे. नीट विचार करून, आईंनाही विचारून, कोणती घ्यावी ते कळवावं. तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही.

तब्येतीला जपावं. आईंना सकाळी उन्हात बसवावं. इकडची काळजी नसावी.

आपला,
श्रीहरी

ता.क. राखाडी गाडीचं बुकिंग मी कालच करून आलो. तुम्ही दुसरी सुचवली तरी राग मानणार नाही, पण गाडी राखाडीच येईल.

ता.क. वर लिहिलं आहे की मंडईचा आणि या पत्राचा संबंध नाही. तो आहे. बोलावणं लेकीला येतं, आणि जावई तिच्या मागे पिशवी घेऊन येतो, हे मला माहीत आहे. लेक नसेल तर नुसत्या जावयाला बोलावतात की नाही, हे मात्र मला माहीत नाही. इतकी वर्षं तसा प्रसंग आला नाही. मी दुःखात आहे म्हणून तुम्ही बोलावलं नसेल, तर मी आता तेवढा नाही. मी मंगलीबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "घरच्या माणसाले बोलावणं लागते का? तुमी तं हद्दच मोजत बसता जी." तरी तुम्ही एक फोन करावा. शकूच्या फोनवर केला तरी चालेल, मी उचलीन. रिवाज आड येत असेल तर लोकांना सांगू की मी पुढे जाता जाता सहज थांबलो. (तुमच्या गावापुढे नदीशिवाय काही नाही, पण लोक एवढा विचार करत नाहीत.)

ता.क. गाडीत समोरची डावी जागा आईंची. गुडघ्यांमुळे त्या गेल्या वर्षी नाटकाच्या मांडवापर्यंत आल्या नव्हत्या, यंदा गाडी थेट मांडवापाशी लावू. माझ्या मागे आशावहिनी बसतील. उजवा खांदा म्हणजे हळू आणि डावा म्हणजे थांब, एवढं त्यांना आधी सांगून ठेवावं. दोन्ही खांद्यांचं सांगू नये, तुमच्या गावात भाजीवाले फार आहेत.

ता.क. शोरूमवाले म्हणतात, गाडी मिळायला उशीर होऊ शकतो. तसं झालं तर मी एसटीने येतो. आईंना आपण खुर्चीत बसवून नेऊ. मागच्या वेळी निघताना शकूने आपली सतरंजी तुमच्या माळ्यावर ठेवली होती, पुढच्या मंडईला परत कुठे वाहून आणायची म्हणून. ती काढून उन्हात टाकावी.