भिंतीतला हूं

६ जानेवारी, सोमवार

आली पोरं! विश्रामबागच्या कॉलेजची. शाळेत उतरलीत. फलक लावला, फोटो काढले, मंग चहा. गावाची सेवा करणार म्हणं. रस्ता झाडणार, गटार काढणार, म्हाताऱ्यांच्या गोष्टी मोबाईलात भरणार. गटार तेवढं काढा म्हणावं, लय झालं.

मतीनचा फोन सांगलीवरनं. "अम्मी, रविवारी गाडी घेऊन येतोय. ह्या वेळी न्हाई म्हणू नको." कोण न्हाई म्हणतंय? मागच्या महिन्यात जमीन हलली तवा भिंतीला चीर पडली. एकटीनं राहून काय करू इथं? घराला कुलूप घालायचं आणि निघायचं. भांडी बांधायला घेतली.

७ जानेवारी, मंगळवार

दुपारी दोघं आली. भार्गवी आणि शौनक. पोरगी गुणाची हाय — आल्या आल्या चूल फुंकली, धूर डोळ्यात गेला, रडत रडत हसली. पोरगं सगळं शिकवणारं.

"आजी, तुम्ही बोला. आम्ही मध्ये काही बोलणार नाही. रेकॉर्डिंग स्वच्छ पाहिजे. हूंसुद्धा म्हणणार नाही."

म्हटलं, आरं, हूं न्हाई म्हणलास तर गोष्ट पुढं जाईल कशी? हूं थांबला म्हंजे ऐकणारा झोपला. मंग सांगणारा गप बसतो. अम्मानं असंच शिकवलंय.

"आम्ही जागे आहोत, आजी!"

बसली दोघं समोर, तोंडं मिटून. ठोकळे नुसते! माझं डोकं फिरलं. "मंग भिंतीला सांगते" म्हटलं, आणि खरंच पाठ फिरवून भिंतीकडं तोंड केलं.

घागरीची सांगितली. एक बाई नदीवर जाती. घागर भरती. उचलाया बघती तर घागर उठंना. घागर म्हणती, घरात कोण हाय? बाई म्हणती, कुणी न्हाई. घागर म्हणती, मंग कडी आतनं कुणी लावली? बाई मागं वळून बघती —

एवढीच येती मला. अम्मा सांगत हुती तवा इथंच मला झोप लागली. धाकटी बहीण जैबून हूं, हूं म्हणत ऱ्हायली. त्याच पहाटं भूकंप झाला. सदुसष्टचा, मोठा. मला अब्बांनी बाहेर वढलं. अम्मा आणि जैबून आतच ऱ्हायल्या. घर पडलं, ही एक भिंत उभी ऱ्हायली. तिलाच धरून अब्बांनी परत घर बांधलं.

गोष्टीचा शेवट जैबूननं ऐकला. मी न्हाई.

पोरांना हे काय सांगितलं न्हाई. लगीच डोळ्याला रुमाल लावत्यात. नको ते.

८ जानेवारी, बुधवार

भार्गवी पळत आली. "आजी, काल गोष्ट सांगताना इथं कुणी लहान मुलगी होती का?"

न्हवती. तूच हुतीस की समोर!

माझ्या कानात मोबाईलची बोंडं घातली. माझा आवाज आला — कावळी ओरडल्यागत. एक बाई नदीवर जाती — आणि मागनं बारीक "हूं". घागर भरती — "हूं". नाकातनं. शेवटाला वर चढवलेला. म्हंजे, मंग पुढं?

शौनक म्हणाला, "बाहेर पोरं खेळत असतील. काढून टाकता येतं ते."

"हात लावू नको!"

लय जोरात बोलले वाटतं. पोरगं दचकलं.

जैबूनला बारा महिने सर्दी. ती असाच म्हणायची.

९ जानेवारी, गुरुवार

भांडी बांधून झाली. भिंतीकडं बघत न्हाई.

बघितलं. भिंतच हाय.

१० जानेवारी, शुक्रवार

पोरांच्या सरांना शेवट पायजे! कॉलेजच्या पुस्तकात गोष्ट छापायची हाय, अर्धी कशी छापायची? भार्गवी मागं लागली. "आजी, काहीतरी आठवा ना."

काहीतरी पायजे ना? घे. परत भिंतीकडं तोंड केलं. सवय लागली का काय! सगळी सांगितली आणि मनानंच शेवट जोडला. बाई मागं बघती, तर नवरा परदेशातनं परत आलेला. बाई सुखानं नांदली. झाली गोष्ट.

शौनक खूश. तिथंच मोठ्यानं लावली. घागर उठंना — "हूं". घरात कोण हाय — "हूं". बाई मागं बघती — "हूं". नवरा परत आलेला —

"अंहं."

स्वच्छ. पोराला पायजे हुतं तसं. त्याच्या हातनं मोबाईलच पडला.

भार्गवीनं माझा दंड धरला. "आजी, घरात कोण आहे?"

"कुणी न्हाई," म्हटलं.

बोलले आणि जीभ चावली. घागरीला बाई हेच सांगती.

११ जानेवारी, शनिवार

गेली पोरं. गटार अर्धंच काढलं!

भार्गवी उंबऱ्याबाहेरनंच पाया पडली. आत ये म्हटलं, चहा टाकते. न्हाई आली. "आजी, उद्या नक्की जा हं सांगलीला." जाणार की. मी काय भितीय?

सांजच्याला भांड्यांच्या पोत्यावर बसले. नवा नळ हाय, शेजार हाय, मतीनची पोरगी कशिश आजी आजी करती. सगळं चांगलंच हाय तिकडं. पर कुलूप कुणाच्या तोंडावर घालायचं, ते कळंना.

शेवटी भिंतीलाच म्हटलं, जैबून, मला पुढचं येत न्हाई गं. मी झोपले हुते. तुला ठावं हाय. तूच सांग.

म्हटलं आणि लाज वाटली. ह्या वयाला ही थेरं!

काय झालं न्हाई. भात खाल्ला.

१२ जानेवारी, रविवार

मतीन घाट चढून आलाय. दार वाजवतोय. "अम्मी, कडी आतनं का लावलीस?"

मी न्हाई लावली.

सकाळपासनं ती सांगती हाय. बाईनं मागं बघितलं त्याच्या पुढचं. मी हूं, हूं म्हणतीय. हूं थांबला की सांगणारा गप बसतो.

मतीनला ओ द्यायची तर हूं थांबवाय लागंल.