कपड्यांबरोबर दिलेला फोन

आसाफो, कुमासी
३ मार्च

चि. बोआतेन भावजी यांस सेरवा वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून पत्र पाठवते. मुलांच्या परीक्षा नीट झाल्या ना?

तुमच्या दादांचा चाळिसावा दिवस झाला आणि मी दुकान उघडलं. सुतकाच्या लाल-काळ्या कापडासाठी आपल्याकडे दर गुरुवारी गर्दी व्हायची. तीन गुरुवार कुणी फिरकलं नाही. काल ओबुआसीची एक बाई विचारत विचारत आली. म्हणाली, फोनमधल्या नकाशावर हे दुकान नाहीच; सुतकाचं कापड शोधलं की पहिलं नाव सुआमेच्या ‘बोआतेन कापड भांडार’चं येतं. तिने दाखवलं. खाली चारशे बारा लोकांनी चांगलं लिहिलंय, ते सगळं दादांविषयी. गिऱ्हाइकाचं दुःख ओसरल्यावर, महिन्याने फोन करून, दादा एकेकाला लिहायची विनंती करायचे. फोटोत कापड मोजणारा हातही त्यांचाच आहे.

काहीतरी चूक झाली असेल. तेवढी दुरुस्त करा. मुलांना पापा.

तुमची वहिनी,
सेरवा


सुआमे
८ मार्च

ती. वहिनींना बोआतेनचा वाकून नमस्कार.

चूक नाही, वहिनी. रीतीप्रमाणे ओफोसूदादाचे कपडे वारसाला, म्हणजे मला आले. पेटी तुम्हीच भरलीत आणि फोनही तुम्हीच त्यात ठेवलात. दुकानाची नोंद त्या फोनवरूनच चालते. नकाशा बघतो काय? दुकान जवळ आहे का, उघडं आहे का, लोक चांगलं लिहितात का. तुमचं चाळीस दिवस बंद. दादाची पुण्याई वाया जाऊ देऊ? म्हणून नाव बदललं, नकाशावरची खूण सुआमेला आणली. घराण्यातलं घराण्यातच राहिलं.

तुम्ही नकाशा उलटा धरता म्हणून दादा किती हसायचा! कशाला ती कटकट? आता निवांत बसा. खायला याम कंद पाठवतोय. वडीलधाऱ्यांकडे मात्र जाऊ नका, उगाच हसं होईल. आमच्यावरची माया पातळ करू नका.

आपला,
बोआतेन


आसाफो
१५ मार्च

बोआतेन यांस,

याम पोचले. त्याच गाडीने परत पाठवले.

वडीलधाऱ्यांकडे गेले होते. दुकान मला, कपडे तुम्हाला, हा निवाडा त्यांचाच. फोनचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता. आता म्हणतात, पेटीतून गेलं ते गेलं. मी घरी येऊन नवी नोंद केली. शोधलं की पार तळाशी सापडते.

मग तुमच्या नोंदीखाली मी लिहिलं, की ओफोसूंचं दुकान आसाफोला आहे आणि त्यांची बायको ते चालवते. तासाभरात खाली उत्तर आलं: या बाईंना आम्ही ओळखत नाही.

दुकानाचं नाव तुम्ही बदललंत. फोनमधलं माणसाचं नाव बदलायचं राहिलं. उत्तराशेजारी ओफोसूंचं नाव होतं, आणि ईस्टरला मी काढलेला त्यांचा फोटो.

नोंद ठेवा. फोनही ठेवा. पण त्यांच्या तोंडून मला पुन्हा असं काही ऐकवू नका.

ओफोसूंची बायको,
सेरवा