विम्याच्या अर्जातला सहावा रकाना

प्रिय ठोकळ्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनही तू ते फोडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. फोन तर तू उचलत नाहीस. आईचा उचलतोस, पण मागून माझा आवाज आला की तुला लगेच काम आठवतं. म्हणून हा कागद. आधी बातमी सांगते, कारण ती पोटात राहत नाहीये. ग्रंथालय मला मिळालं. अख्खं. लहान मुलांचं, दोन मजली, मधोमध गोल जिना. आजवर दुसऱ्यांच्या इमारतींचे संडास नि पाण्याच्या टाक्या आखत आलेली तुझी ताई आता स्वतःच्या नावाने नकाशे काढणार. फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते. बाबांच्या शर्टाला पाठीवर हे एवढं भोक पडलं, आणि बाबा रागवायचं सोडून तो शर्ट येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात.

या कामासाठी नवा लॅपटॉप घेतला. ग्रंथालयवाल्यांची अट अशी की त्याचा चोरीचा आणि मोडतोडीचा विमा हवाच. त्यासाठी काल सकाळी विमावाल्या बाई घरी आल्या. त्यांनी लॅपटॉपचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, दाराचं कुलूप हलवून बघितलं, खिडकीची कडी तपासली. चोरी झाली तर कुलूप तोडल्याची खूण लागते म्हणाल्या. टॅक्सीत विसरलात तर ती चोरी नव्हे. पडला, चहा सांडला तर भरपाई मिळते. बाबांनी विचारलं, कोणी त्याच्यावर बसलं तर? बाईंनी बाबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तेही चालेल म्हणाल्या. आई मात्र नुसती हसत होती. फार दिवसांनी हसली.

मग आला सहावा रकाना. यापूर्वी तुमच्या लॅपटॉपचं नुकसान झालं आहे का, कसं, आणि कोणाच्या चुकीने?

मी लिहून टाकलं, भावाने वॉशिंग मशीनमध्ये ठेवल्यामुळे भिजला. हात सरावलाय रे. दोन वर्षं हेच सांगतेय मी सगळ्यांना. इमारतीत त्या महिन्यात दोन घरं फुटली होती. आम्ही तिघं आत्याकडे गेलेलो, तुला एक दिवस तुझं पुठ्ठ्याचं मॉडेल पोचवायला बाहेरगावी जायचं होतं, आणि तू माझा लॅपटॉप दोन टॉवेलांत गुंडाळून मशीनमध्ये, मळक्या चादरींखाली ठेवलास. चोर धुणं कशाला उपसेल, हे तुझं डोकं. चोर आलाच नाही. मी आले, धुण्याची पावडर घातली आणि बटण दाबलं. सहा महिन्यांचं काम चाळीस मिनिटांत स्वच्छ झालं.

बाईंनी माझं लिहिलेलं वाचलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, मशीन कोणी लावलं? मी म्हटलं, मी. मग त्यांनी विचारलं, आत लॅपटॉप आहे हे भावाने तुम्हाला सांगितलं नव्हतं का? आई-बाबा समोरच बसलेले.

ठोकळ्या, तू सांगितलं होतंस. आत्याकडे पत्त्यांचा डाव रंगला होता, मी जिंकत होते, तेवढ्यात तुझा फोन आला. मशीन लावू नकोस, असं तू दोनदा म्हणालास. मी हो हो, कळलं म्हणाले आणि पान टाकलं. हे मला त्याच संध्याकाळी आठवलं होतं. पण तोवर, सांगितलं होतं म्हणणाऱ्या तुला मी सगळ्यांदेखत खोटारडा म्हणून बसले होते, बाबा तुला बेजबाबदार म्हणून मोकळे झाले होते, आणि मला माघार घेता आली नाही. त्या रविवारी तू घर सोडायला बॅग भरलीस तेव्हाही मी स्वयंपाकघरात भांडी घासत राहिले. मला लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

काल मात्र तोंडून निघालं. बाईंनी नवा अर्ज दिला आणि मी सहाव्या रकान्यात लिहिलं, माझ्या चुकीने. आई म्हणाली, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की गं आपण. बाबांनी स्टूल घेतलं, माळ्यावर टाकलेली तुझी कटर नि पुठ्ठ्यांची पेटी खाली काढली आणि बसून फडक्याने पुसत राहिले. दहा वेळा पुसली असेल.

आता मुद्द्याचं. ग्रंथालयवाल्यांना तीन आठवड्यांत मॉडेल हवंय, आणि तो गोल जिना पुठ्ठ्यात उभा करणारा माणूस मला एकच माहीत आहे. सातव्या रकान्यात विचारलंय, लॅपटॉप आणखी कोण वापरणार? ज्याचं नाव लिहू त्याच्या हातून काही झालं तर कंपनी कोणालाही दोष न लावता भरून देते. मी तुझं नाव लिहिलंय. तू नाही म्हणालास तर मी समजेन, तेवढा हक्क तुझा आहे. पण हो असेल तर सोबतच्या अर्जावर पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे सही कर. शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये.

तुझीच, तुझी माफी मागणारी,
ताई