शुक्रवारचा आवाज

ती. आईस,

इथूनच वाकून नमस्कार करते, तिथे पाठीवर हात फिरव.

मी मजेत आहे. घरमालकीण खडूस असली तरी माझ्या रियाजाला नाक मुरडत नाही. शिकवण्याही चालू आहेत. सध्या घसा पार बसलाय, म्हणून मुलांना पियानोवर सूर दाबून दाखवते. गुळण्या करते आहे, काळजी नको.

शुक्रवारी ऑपेराचा प्रयोग होता. बदली गायिका मिळेना, म्हणून नुसते ओठ हलवायचे ठरवून मी रंगमंचावर गेले. तोंड उघडलं आणि आवाज आला, चांगला भरदार. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या हंगामात मुख्य भूमिका मलाच देणार आहेत.

पण आई, गाताना मी गळ्याला हात लावून पाहिला. गळा हलतसुद्धा नव्हता. आणि लांब ओळीच्या ऐन मध्यावर त्या आवाजाने दम घेतला, पोळ्या लाटता लाटता गाताना तू घेतेस तसाच.

काल दादाचा फोन आला. म्हणाला, शुक्रवारपासून तिकडे तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही आणि डॉक्टरांना घशात काही सापडत नाही. खरं आहे का, की तो नेहमीसारखा राईचा पर्वत करतोय? फोनवर तू कशी सांगणार, म्हणून हे पत्र.

महिनाअखेरीला पुन्हा प्रयोग आहे. गाऊ की नको, ते लिहून कळव.

आज सकाळी आरशासमोर हळूच तोंड उघडून पाहिलं. तर तू विचारलंस, "जेवलीस का गं?"

हो आई, जेवले.

तुझीच,
चिमणी