कुमक आली, असं मी सांगितलं

अण्णा, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. आता आम्ही मोशीला राहतो. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सकाळी कंपनीची बस येते आणि पुढचा तास-दीड तास ट्रकांच्या रांगेत जातो. या वेळात मी मोबाइलवर पुस्तकं ऐकते. हो, ऐकते. कोणीतरी वाचून ठेवलेलं असतं, आपण फक्त कानात घालायचं. गेल्या महिन्यात त्या यादीत अचानक आपली कादंबरी दिसली. ती सरहद्दीवरच्या ठाण्याची, नदीपलीकडच्या साठ माणसांची. नाव दिसलं तसं माझं बोट थांबलं. तरी लावली.

एक गृहस्थ वाचतात. आवाज भारदस्त आहे, पण जरा घाईचा. तुम्हाला आवडला नसता. तुम्हाला सावकाश लागायचं. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले, ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागलात की दोन पानांत डोळे लाल व्हायचे. म्हणून भोसरीच्या वाचनालयातून तो जाड ग्रंथ आणलात आणि नववीतल्या माझ्या हातात दिलात. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. दुपारी मी शाळेतून येते, आई भाकऱ्या थापत असते, तुम्ही ओट्याला टेकून लसूण सोलत बसलेले. "हं, वाच." मी वाचते आणि तुम्ही दर पानाला अडवता. साठ माणसं ठाण्यात, तर त्यांचा सैपाक कोण करतंय? ठाणेदाराची बायको एकटी? लिव्हणाऱ्यानं ते का न्हाई लिव्हलं? एकदा मी कंटाळून दोन पानं एकदम उलटली. तुम्ही लसणावरून नजर न काढता म्हणालात, "मधली माणसं कुठं गेली गं? मागं ये." मी मागे आले. त्या मधल्या पानांत एक पहारेकरी तापानं मेला होता. तुम्ही हातातला लसूण बाजूला ठेवलात.

तुमचे कान तेव्हाच जायला लागले होते. बावीस वर्षं पॉवर प्रेसवर, दिवसभर कानाशी पत्रा तुटतोय. आधी आईची हाक ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी. कारखान्यात तुम्ही कुणाला कळू दिलं नाही. कळलं तर मशीनवरून काढतील, झाडू हातात देतील, असं म्हणायचात. सुपरवायझर बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचात आणि मान हलवायचात. "हो साहेब" हे उत्तर बहुतेक प्रश्नांना चालतं, हे तुम्हीच मला हसत सांगितलं होतं.

माझा आवाज चढत गेला. दहावीला आले तोवर मी वाचत नव्हते, ओरडत होते. आपली खोली चाळीतली, भिंतीला भिंत. एका गुरुवारी शेजारच्या काकू दारात आल्या. "काय गं, भांडण चाललंय का बापाशी? आख्ख्या चाळीला ऐकू येतंय." त्यांच्या मागं दोघी-तिघी हसल्या. तुम्हाला काही ऐकू आलं नाही. त्या पाहुण्या म्हणून आल्यात असं समजून तुम्ही "या, बसा" म्हणालात. मग त्या आणखीनच हसल्या.

त्या गेल्यावर मी पुस्तक मिटलं. अजून शंभरेक पानं राहिली होती. ठाण्याला वेढा पडला होता, धान्य संपत आलं होतं, ठाणेदारानं कुमक मागायला खलिता धाडला होता. तुम्ही विचारलंत, "पुढं?" मी तुमच्या कानाशी तोंड नेऊन एवढंच ओरडले, "कुमक आली, अण्णा! सगळे वाचले! संपलं!"

"सगळे?"

"सगळे!"

तुम्ही आईकडे वळलात. तुमचा चेहरा मला आजही दिसतो. "ऐकलंस का? आली कुमक. मी म्हणलं व्हतं न्हवं, येतीया म्हणून." दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी पुस्तक वाचनालयात देऊन टाकलं. पुन्हा कधी तुम्हाला काही वाचून दाखवलं नाही. तुम्हीही म्हणाला नाहीत.

ती शेवटची शंभर पानं या आठवड्यात बसमध्ये ऐकत होते, काल संपली. कुमक आली नाही, अण्णा. खलिता पोचला होता, पण वरच्यांनी ठरवलं की एवढ्या साठ माणसांसाठी फौज नदीपार पाठवणं परवडणार नाही. ठाणेदाराला हे कधीच कळत नाही. तो रोज बुरुजावर चढतो. माणसं एकेक करून मरतात, काही भुकेनं, काही तापानं, आणि शेवटच्या दिवशी तो उरलेल्या चौघांना दरवाजा उघडायला सांगतो. बस कंपनीच्या गेटवर पोचून रिकामी झाली होती. ड्रायव्हर मागे येऊन म्हणाला, "मॅडम, उतरायचं न्हाई का? बरं न्हाई का वाटत?" मी उतरले. दिवसभर काम केलं. कुणाला काय सांगणार, की एका जुन्या कादंबरीतली माणसं मेली म्हणून?

तुमच्या मातीला तुमच्या शेजारच्या मशीनवरचे काका आले होते. म्हणाले, तुझा बाप जेवणाच्या सुट्टीत एक गोष्ट सांगायचा, ठाण्याची. शेवटी फौज येते ती. आम्हाला पाठ झाली होती. मी मान हलवली.

एवढंच लिहायचं म्हणून बसले होते, पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. त्या दिवशी कारखान्यात टेम्पो पत्रा उतरवायला मागे येत होता, तुमची पाठ होती, आणि तुम्ही त्याखाली सापडलात. ड्रायव्हर म्हणाला हॉर्न दिला, बाकीच्यांनीही ऐकला. चार दिवसांनी आईला आणि मला कारखान्याच्या ऑफिसात बोलावलं. टेबलापलीकडे तिघं, हातात कागद. त्यातल्या एकानं सरळ विचारलं, "घरी त्यांना नीट ऐकू यायचं का?" आई माझ्याकडे बघत राहिली. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, तिथं बोलू शकणारी एकटीच. मी म्हणाले, "हो. चांगलं ऐकू यायचं." त्यानं लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, की हॉर्न देऊनही मयताचं स्वतःचं लक्ष नव्हतं, चूक त्याचीच. मी खाली सही केली.

आईला वाटलं, तुम्ही जन्मभर झाकलेलं मी झाकून ठेवलं. तिनं परतीच्या रिक्षात माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला आणि इतकी वर्षं तेच कारण धरून बसले. पण त्या टेबलापुढं मला तुमची आठवणसुद्धा नव्हती, अण्णा. दारात हसणाऱ्या त्या बायका आठवत होत्या. मला त्या तिघांसमोर बहिऱ्याची पोरगी व्हायचं नव्हतं.